‘जिन्याखाली मांजर आहे, सेक्रेटरींनी बघावे’

मी मांजरप्रेमी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरी मांजर कधी नव्हतं. हिला गादीवर केस चालत नाहीत आणि मला पहाटे चारला उठवणारं कुणीच चालत नाही. पण डोंबिवलीतल्या पाच मजली, दोन विंगांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, आणि आमच्या तक्रारवहीत पाणी, लिफ्ट, पार्किंग यांच्यानंतर नंबर लागतो तो मांजरांचा. ‘स्टिल्टमध्ये मांजर रात्रभर ओरडत आहे.’ ‘जिन्याखाली पिल्ले आढळली, सेक्रेटरींनी बघावे.’ बघून पुढे काय करावे, ते कुणी लिहीत नाही. जनावरांचे डॉक्टर, मागच्या गल्लीत मांजरांना खाऊ घालणाऱ्या दोन बायका आणि आमचा वॉचमन यांना विचारत विचारत जे कळलं ते लिहितो. नव्या कमिटीलाही उपयोगी पडेल.

आधी नुसतं बघायचं

मांजर दिसलं की माणसं दोन प्रकारे धावतात. एक झाडू घेऊन, दुसरा दुधाची वाटी घेऊन. दोघांनाही थांबवा. लांब उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बघितलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण बाहेर दिसलेलं प्रत्येक मांजर काही हरवलेलं नसतं. पुष्कळ मांजरं आपापल्या जागीच असतात, आपण त्यांना पहिल्यांदा बघत असतो इतकंच.

सुरुवात कानापासून करा. एका कानाचं टोक सरळ छाटल्यासारखं दिसत असेल तर ते नसबंदी झालेलं गल्लीचं मांजर. ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेली असतानाच ही खूण करतात, म्हणजे त्याच मांजराला पुन्हा पकडून पुन्हा भूल द्यायची वेळ येत नाही. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, हा सरळ असतो. एकदा बघितला की पुढे लांबूनही ओळखता येतो. असं मांजर धष्टपुष्ट असेल, ऊन खात पडलं असेल, तर वहीत ‘बघितले’ असं लिहून सही करा आणि घरी जा.

मग पोट बघा. मांजरी असेल, आचळं खाली आलेली असतील आणि त्यांच्याभोवतीचे केस गेलेले दिसत असतील, तर तिची पिल्लं जवळपास कुठेतरी आहेत. तिला ‘बिचारी भुकेली’ म्हणून पिशवीत घालून घरी नेलंत तर मागे पिल्लं मरतील. खायला द्या, उचलू नका, कुठे जाते त्यावर नजर ठेवा.

तिसरी गोष्ट वागण्याची. ओरडतंय ते हरवलेलं आणि गप्प बसलंय ते गल्लीचं, असा सगळ्यांचा समज असतो. पुष्कळदा उलट असतं. गल्लीचं मांजर पायात घोटाळतं, हक्काने ओरडतं, कारण मासे साफ करणारी माणसं कोण आहेत ते त्याला ठाऊक असतं. घरातलं मांजर चुकून बाहेर पडलं की भीतीने मीटर रूमच्या मागे, टाकीखाली, पत्र्याच्या आडोशाला शिरतं आणि दिवसेंदिवस हूं का चूं करत नाही. मालकाची हाक ऐकूनही गप्प बसतं. म्हणून कोपऱ्यात दबा धरलेलं, अंग आक्रसलेलं, पण स्वच्छ अंगाचं मांजर दिसलं तर मी ते अधिक गंभीरपणे घेतो.

आणि चौथी गोष्ट, जी कुणी करत नाही: मान वर करून खिडक्या बघा. इमारतीच्या अगदी लगत, कुंड्यांच्या मागे किंवा डक्टच्या तळाशी मांजर बसलं असेल तर ते वरून पडलेलं असू शकतं. पडलेलं मांजर पायांवर उतरतं हे खरं, पण त्याने त्याला काही झालं नाही असं ठरत नाही. १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यकांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी छापल्या होत्या. उपचार मिळालेल्यांपैकी नव्वद टक्के जगली. त्यातला ‘उपचार मिळालेल्यांपैकी’ हा भाग लोक गाळतात. छातीला मार, फुटलेला जबडा, चिरलेला टाळू, हे बाहेरून दिसत नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर पुढचं काहीही न वाचता डॉक्टरकडे निघा. मांजर कुत्र्यासारखं जीभ काढून बसत नसतं.

जाळी नसलेली खिडकी कुणाची ते वर दिसतंच. पहिली बेल तिथे वाजवायची.

कुणाचं आहे ते शोधताना

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकणं हे सगळ्यात सोपं आणि बऱ्याचदा सगळ्यात निरुपयोगी. आमच्या ग्रुपवर मांजराच्या फोटोखाली बावीस बदाम येतात आणि एकही पत्ता येत नाही. माहिती असते ती घरोघर फिरणाऱ्यांकडे. इस्त्रीवाला, दूध टाकणारा मुलगा, कचरा नेणाऱ्या ताई, दारावर येणारी मासेवाली मावशी. कुठल्या घरात मांजर आहे, कुणाचं कालपासून दिसत नाही, कुठल्या बिऱ्हाडाने नुकतीच जागा सोडली, हे त्यांना तोंडपाठ असतं. शेजारच्या तीन-चार इमारतींचे वॉचमन, जवळचा किराणावाला आणि जनावरांचा दवाखाना, एवढं एका संध्याकाळी पायी होतं.

पायी म्हणतोय ते मुद्दाम. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ साली हरवलेल्या मांजरांचा अभ्यास छापला. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी पाऊणभाग घरापासून पाचशे मीटरच्या आत सापडली होती. म्हणजे तुम्हाला मांजर दिसलं असेल तर त्याचं घर बहुतेक चालत जाण्याइतकंच लांब आहे. पूर्ण ठाणे जिल्ह्याच्या ग्रुपवर फोटो फिरवण्याआधी कोपऱ्यावरच्या चाळीत विचारा.

मांजर माणसाळलेलं असेल, हात लावू देत असेल, पण पाळलेलं की गल्लीचं ते कळत नसेल, तर कागदाचा पट्टा हा माझा सगळ्यात आवडता उपाय. साध्या वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापायची. त्यावर लिहायचं: ‘हे मांजर तुमचं आहे का? असल्यास कृपया फोन करा’ आणि नंबर. गळ्याभोवती सैल गुंडाळून टोकं चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्याने जोडायची. दोन बोटं आत गेली पाहिजेत. दोरी नको, कापड नको, रबर तर अजिबात नको. कुठे अडकलं तर कागद फाटला पाहिजे, मांजर नाही. मांजराला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. आमच्याकडे ‘हरवलेला’ म्हणून तिघांनी तीन घरात जेवू घातलेला एक पांढरा बोका असाच निघाला. पट्टा बांधला त्याच रात्री फोन आला, मागच्या रो-हाऊसमधल्या आजींचा. आवाजात नाराजी होती: “आमचा गणू रोज रात्री घरीच जेवतो. तुम्ही त्याला काय काय घालता, म्हणून तो इतका फुगलाय होय!”

दोन-तीन दिवसांत पट्टा गेला नाही, फोन आला नाही, मांजर तिथेच आहे, तर मग ते खरोखर कुणाचं तरी हरवलेलं किंवा कुणीतरी सोडलेलं असण्याची शक्यता धरून पुढे जा.

सूचना लावताना एक खूण राखून ठेवा. फोटो असा काढायचा की शेपटीचं टोक, पोटावरचा डाग किंवा एका पंजाचा रंग त्यात येणार नाही. कुणी ‘आमचंच आहे’ म्हणत आलं की ती खूण विचारायची. जुने फोटो मागायचे, लसीचं पुस्तक मागायचं. खऱ्या मालकाला राग येत नाही, त्याच्या फोनमध्ये शंभर फोटो असतात. आणखी एक युक्ती: काळा, पिवळा आणि पांढरा असे तीन रंग अंगावर असलेलं मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. रंगाची गुणसूत्रं तशी बसतात. असल्या तिरंगी मांजरीला न्यायला येऊन कुणी ‘आमचा बोका’ म्हणू लागलं तर चहा द्या, मांजर देऊ नका.

दवाखान्यात गेलात तर चिप आहे का ते तपासायला सांगा. खांद्यांच्या मधे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी असते, यंत्र फिरवलं की पंधरा आकडी नंबर दिसतो. आपल्याकडे फार मांजरांना नसते, पण परदेशातून आलेल्या किंवा जाणार असलेल्या मांजरांना असते, आणि तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही.

लांब केसांच्या पर्शियन मांजराबद्दल वेगळं लिहितो. ते रस्त्यावर दिसलं तर बघत बसू नका, उचला. चपट्या नाकामुळे उन्हात त्याला दम लागतो, डोळ्यांतून सतत पाणी येतं, केसांच्या गाठी होऊन खालची कातडी सडते. गल्लीत जन्मलेलं मांजर निभावून नेतं ते याला जमत नाही. यातली काही हरवलेली असतात आणि काही, सांगायला लाज वाटते, घर बदलताना मागे ठेवलेली असतात. उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये! आमच्या सोसायटीत चुकीच्या जागी स्कूटर लावल्याचा दंड याहून जास्त आहे.

पिल्लं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो बहुतेक चांगल्या मनाच्या माणसांकडून होतो. जिन्याखाली तीन पिल्लं दिसतात, आई दिसत नाही, शाळेतून आलेली मुलं ती बुटाच्या खोक्यात भरतात आणि सेक्रेटरीच्या दारात आणून ठेवतात. तासाभराने आई येते आणि रिकाम्या जागेभोवती फिरत राहते.

आई दिसत नाही म्हणजे आई नाही असं नव्हे. तीही पोटासाठी बाहेर जाते, आणि तुम्ही दहा जण घोळका करून उभे आहात तोवर परत येणार नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपल्या आज्या म्हणायच्या. सात मोजायला मी गेलो नाही, पण जागा बदलते हे शंभर टक्के खरं. एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत ते इथेच बघायला मिळतं. त्यामुळे एकटं पिल्लू दिसलं तर ती बाकीची पोचवून याच्यासाठी परत येत असेल, ही शक्यता पहिली धरा.

म्हणून सगळ्यांना हाकला, कुत्र्यांना लांब ठेवा, आणि पिल्लांभोवती हातभर अंतरावर गव्हाच्या पिठाची पातळ रेघ ओढा. रांगोळी नको, मांजर पाय चाटतं. काही तासांनी येऊन बघा. पिठात पंजे उमटले असतील तर आई येऊन गेली. पिल्लं कोरडी असतील, पोट टम्म असेल आणि एकमेकांना चिकटून झोपली असतील, तर चार-सहा तास थांबायला काहीच हरकत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं म्हणतात, ते मांजराच्या बाबतीत धरून चालू नका. जागा धोक्याची असेल तर पिल्लं खोक्यात घालून पाच-दहा पावलांवर आडोशाला सरकवता येतात; आवाज ऐकून ती शोधते.

थांबायचं नाही ते केव्हा? पिल्लू हाताला गार लागत असेल तर. सतत रडत असेल, पोट खपाटीला गेलं असेल तर. अंगावर मुंग्या चढल्या असतील तर. लोकांना ही गोष्ट किरकोळ वाटते, पण लाल मुंग्या डोळ्यांपासून सुरुवात करतात. पावसाचं पाणी शिरत असेल तर, आणि अर्थातच आई गाडीखाली गेल्याचं कुणी डोळ्यांनी बघितलं असेल तर.

उचललंत की क्रम चुकवू नका: आधी ऊब, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. त्याला दूध पाजलं तर ते आत नासतं किंवा फुप्फुसात जातं. बाटलीत कढत नव्हे, कोमट-गरम पाणी भरून ती जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि पिल्लाशेजारी ठेवा. किंवा सुती मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर गरम करा, स्वतःच्या मनगटाला लावून बघा. खोक्यात ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकू शकेल. तोंडाचा आतला भाग आणि पंजे ऊबदार लागेपर्यंत दुधाचं नाव काढू नका.

आणि दूध म्हणजे गाईचं, म्हशीचं, पिशवीचं नाही. त्यातली साखर मांजराच्या पिल्लाला पचत नाही, जुलाब लागतात, आणि मूठभर जिवाला जुलाब म्हणजे एका रात्रीचा खेळ. पेट शॉपमध्ये मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. डब्यावर वजनाप्रमाणे प्रमाण लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे करा. पाजताना पिल्लू पालथं, आईखाली पितं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं. सुईशिवायची छोटी सिरिंज किंवा पिल्लांची बाटली वापरा, थेंब थेंब, ते ओढेल तेवढंच. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दोन आठवड्यांनंतर दर चार तासांनी चालतं.

एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. तुम्हाला चाटायचं नाहीये, कापूस कोमट पाण्यात भिजवून दर वेळी पाजल्यावर त्या जागी हलके फिरवा.

वय ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. जन्मतः पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचं असतं आणि दर आठवड्याला जवळजवळ शंभर ग्रॅम वाढतं. डोळे मिटलेले आणि कान दुमडलेले असतील तर दहा दिवसांच्या आतलं. डोळे निळे, चाल झोकांड्या खाणारी, पुढचे बारीक दात नुकते फुटलेले, म्हणजे तीन आठवडे. पळायला लागलं आणि बशीतलं चाटायला लागलं की चार-पाच. रोज वजन घ्या. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर डॉक्टर.

आई आहे पण माणसाला घाबरते, आणि पिल्लांना घरं शोधायची आहेत, असं असेल तर पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत आईपाशीच राहू द्या. रोज लांबून बोलत जा, खायला ठेवा. आठ आठवड्यांपर्यंतचं पिल्लू माणसाला चटकन लळा लावतं. तीन-चार महिन्यांचं झालं आणि माणूस कधी जवळून पाहिला नसेल तर फार जड जातं. पिल्लांचं अंगावरचं दूध तुटलं की लगेच आईचं नसबंदीचं ऑपरेशन. ‘नंतर बघू’ म्हणालात तर तिचा गाभण काळ दोन महिन्यांचा असतो आणि पाजत असतानाही ती गाभण राहते. पुढच्या सर्वसाधारण सभेआधी तुमच्याकडे दुसरी वीण असेल.

पकडताना, आणि चावलं तर

गरज नसेल तर पकडू नका. गरज असेल तर घाई करू नका. भाजीची प्लास्टिकची क्रेट, झाकण म्हणून दुसरी क्रेट आणि दोन सुतळ्या, एवढ्यात पिंजरा होतो. आत जुना टॉवेल. आमिष म्हणून सुकट तव्यावर जराशी परतून ठेवली तर तिसऱ्या इमारतीतलं मांजर येतं. पण ती वासापुरतीच, खारवलेलं पोटभर घालायचं नाही. खायला बिनमीठ-मसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा उकडलेली मांदेली. मांजर घाबरलेलं असेल तर वरून मोठा जाड टॉवेल टाकून, गुंडाळून, टॉवेलसकट आत ठेवा. गोणीत कोंबू नका. मोठ्या मांजराला मानगुटीला धरून लोंबकळवू नका, ते पिल्लांपुरतं ठीक असतं.

पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं गाडीच्या बॉनेटखाली, गरम इंजिनावर जाऊन बसतात. आमच्या पार्किंगमध्ये नियमच आहे: सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा. डक्टमध्ये अडकलं असेल तर तिरकी फळी सोडा आणि सगळे निघून जा, रात्रीत चढून येतं. खरंच उंचावर अडकलं, दोन दिवस झाले, तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.

जखमी मांजर बघितलं की घरातली औषधं काढायचा मोह होतो. क्रोसिन, डोलो, कुठल्याही नावाचं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. डेटॉल नको, फिनाईल तर त्याच्या जवळपासही नको. अंगावर पडलेलं ते चाटून पोटात घेतं. कुत्र्याचं गोचिडाचं औषध नको, त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात. तोंडात पाणी ओतू नका. खोकं, टॉवेल, अंधार, आणि दवाखाना. बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतोय आणि काही होत नाही, असं दिसलं तर तीही त्याच दिवसाची घाई. लघवी तुंबून बोके मरतात.

जवळचा डॉक्टर नसेल तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, १८७४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एसपीसीएचं. पुण्याकडे बावधनचा रेस्क्यू ट्रस्ट आहे. निघण्याआधी फोन करा, जागा आहे का विचारा, आणि गल्लीचं मांजर आहे हे आधी सांगा. मांजर दारात ठेवून पळून जाऊ नका. लोक तसं करतात.

चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर मांजर बाजूला ठेवा, आधी स्वतःकडे बघा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद काही नाही. त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लस दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते; सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात, तेव्हा चौदाव्या दिवसाची नसते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि जखमेत द्यायचं दुसरं औषध लागेल का ते डॉक्टर ठरवतील. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून भोक मिटतं आणि आत पू धरतो. ‘मांजरच तर होतं’ म्हणून घरी बसू नका.

घरात आणलंत तर

पहिले दोन आठवडे एक बंद खोली, नाही तर बाथरूम. घरात आधीचं मांजर असेल तर हे सक्तीचं. मांजरांचा पार्व्हो म्हणतात तो रोग, उलट्या-जुलाबाचा, फार झपाट्याने पसरतो आणि त्याचे विषाणू फरशीत-फटीत वर्षभर टिकतात. भांडी वेगळी, हात धुणं, फरशी पुसायला पातळ केलेलं ब्लीच. मांजर दुसरीकडे असताना पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. खोलीत लपायला आडवं खोकं ठेवा. ट्रेमध्ये वाळू, ट्रेपासून लांब पाणी. लगेच अंघोळ घालू नका, भेदरलेलं मांजर त्यात आणखी बिथरतं. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने आणि रोजच्या रोज साफ करायचा.

गल्लीचं मांजर असेल तर उपचार किंवा ऑपरेशन झालं की जिथून आणलं तिथेच परत सोडायचं. यावर आमच्या सभेत दर वेळी वाद होतो. ‘पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडा’ ही सूचना दर वेळी येते, आणि ती करणाऱ्याला ती नवीनच सुचलेली असते. नेलेलं मांजर परत यायच्या नादात गाडीखाली जातं, रिकाम्या जागी नसबंदी न झालेलं दुसरं येतं, आणि उंदीर तेवढे तुमच्याकडे राहतात. विष घालायची भाषा कुणी केली तर मी भारतीय न्याय संहितेचं ३२५ वं कलम वाचून दाखवतो. जनावराला मारणं, विष घालणं, अपंग करणं, पाच वर्षांपर्यंत कैद. इतिवृत्तात नोंद करू का, असं विचारलं की विषय पुढे सरकतो.

पाळायला देताना मी तीन गोष्टी बघतो. मागणारा माणूस स्वतः येतो का, की ‘कुणाच्या तरी हस्ते पाठवा’ म्हणतो. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे का. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून कुणाला देत नाही. आणि खिडक्यांना जाळी. जाळी बसल्याचा फोटो आल्याशिवाय मांजर जात नाही, मग माणूस कितीही ओळखीचा असो. सोबत त्याच्या खोक्यातला न धुतलेला टॉवेल द्यायचा, नव्या घरात ओळखीचा वास राहतो. लसीचा आणि जंताच्या औषधाचा कागद द्यायचा, त्याची एक झेरॉक्स आपल्या फाईलला लावायची, आणि वहीत त्या नोंदीसमोर तारीख टाकून ‘निकाली’ लिहायचं.